अनुभव धागा: क्लबात शिरलो, मग काय झालं?

मागच्या जुलैत मी एका सेवाभावी क्लबची सदस्य झाले. पदराला पिन टोचली, टाळ्या झाल्या, जेवण झालं (पनीर, अर्थात), आणि परत येताना ऑटोत बसल्यावर डोक्यात आलं, आता करायचं काय? नोकरीतून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. नवरा म्हणाला, "तुला ऐकणारे लोक हवेत, बाकी काही नाही." अगदीच खोटं नव्हतं ते.

नागपुरात रोटरी आहे, लायन्स आहे, बायकांचं इनर व्हील आहे, कॉलेजातल्या मुलांचं रोटरॅक्ट आहे, आणि पिन-बिन नसलेली वस्तीतली मंडळं तर किती तरी. ज्यांनी ज्यांनी यात पाय टाकला त्यांनी लिहा. पैसे किती गेले, वेळ किती गेला, वाट्याला काम काय आलं. सोडून दिलं असेल तर तेही लिहा. क्लबाचं आणि माणसांचं नाव तेवढं टाळा, स्वतःच्या नावाऐवजी नागपुरातला आपला भाग लिहा. माझ्यापुरतं सांगायचं तर आतापर्यंत मी मुख्यतः खुर्च्या मोजल्या आहेत.

मानेवाडा

तुमच्या खुर्च्या, माझी माणसं. आमचा क्लब लायन्सचा, म्हणजे डोळ्यांचं काम आलंच. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं होतं, ही गोष्ट मला पहिल्याच बैठकीत ऐकवण्यात आली. प्रत्यक्षात काम मिळालं ते बसमधली डोकी मोजायचं. उमरेडकडच्या गावांत तपासणी होते. ज्यांचा मोतीबिंदू पिकला त्यांना नागपूरला आणायचं, ऑपरेशन, रात्रीचा मुक्काम, सकाळी पट्टी काढून परत गावी. जाताना बत्तीस, येताना बत्तीस. एकदा एकतीसच भरले. बत्तिसावे आजोबा दवाखान्यासमोरच्या टपरीवर, हिरवा चष्मा लावून, चहावाल्याला पिकाचं सांगत बसले होते.

सगळ्यात अवघड काम मात्र वेगळंच. ऑपरेशनच्या आधी बीपी आणि साखर पुन्हा बघतात. वाढलेली निघाली की त्या दिवशी ऑपरेशन नाही. हे पेशंटला सांगायचं काम जुने सदस्य हळूच नव्याच्या गळ्यात घालतात. एक आजी माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तीन दिवस बकऱ्या शेजारणीकडे ठेवून आली मी. आता तिले काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दीड महिन्यानं साखर उतरवून तिला परत आणलं, बकऱ्यांची सोय पुन्हा शेजारणीनंच केली.

ऑपरेशननंतर थेंब टाकायचे असतात, आधी दिवसातून जास्त वेळा, मग कमी कमी. चिठ्ठीवर सगळं छापलेलं असतं, पण वाचणारं माणूस घरी असेलच असं नाही. आमच्यातल्या एक मावशी शिवणकाम करतात. त्यांनी बाटलीच्या मानेला लाल दोरा बांधला आणि त्याला चार गाठी मारल्या. गाठी तेवढ्या वेळा थेंब. डॉक्टरांनी सांगितलेला दिवस आला की आम्ही फोन करतो, "आजी, एक गाठ सोडा." आता दवाखान्यातल्या सिस्टरही विचारतात, दोरे आणले का?

रामदासपेठ

मी १९८४ पासून "ॲन" होते. नव्या लोकांना हसू येईल, पण रोटरीत सदस्यांच्या बायकांना ॲन म्हणत आणि मुलांना ॲनेट. १९८९ साली बायकांना सदस्य होण्याची वाट मोकळी झाली. ती बातमी आमच्या घरात पोचायला आणखी पंधरा वर्षं लागली.

शेवटी स्वतःच्या नावाचा फॉर्म भरायला घेतला आणि "व्यवसाय" या रकान्यावर अडले. रोटरीत हा रकाना महत्त्वाचा. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी मुळात वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एकत्र बसावीत म्हणूनच हे सुरू केलं. मी लिहिलं, गृहव्यवस्थापन. सेक्रेटरींचा फोन आला, "वहिनी, हे नक्की काय?" म्हटलं, इतकी वर्षं तुमच्या सहलींचे डबे कोण भरत होतं? फॉर्म मंजूर झाला. वहिनी मात्र अजून वहिनीच आहे.

नरेंद्रनगर

मी दीड वर्षात बाहेर पडलो. वर्गणीचं वाईट वाटलं नाही, ती ठरलेलीच असते. पण दर बैठकीचं जेवण, पदग्रहणाचा हॉल, शाल-श्रीफळ, डिस्ट्रिक्टवरून, म्हणजे क्लबांच्या वरच्या पातळीवरून, पाहुणे आले की परत शाल-श्रीफळ. डिसेंबरात ब्लँकेटं वाटली, एकेका ब्लँकेटला सहा-सहा हात लावलेले फोटो. घेणारा म्हातारा मधल्या मधे दिसतच नाही.

टोचलं ते वॉटर फिल्टरचं. एका शाळेत बसवला, फीत कापली, पेपरात आलं. पुढच्या वर्षी सहज गेलो तर फिल्टरवर पोतं टाकलेलं आणि पोत्यावर पोरांचे टी-शर्ट वाळत घातलेले. आतली कँडल बदलायचे पैसे कोणी द्यायचे, हे कोणी ठरवलंच नव्हतं. बैठकीत विषय काढला तर उत्तर मिळालं, तो मागच्या अध्यक्षांचा प्रकल्प होता. क्लबाचं वर्ष ३० जूनला संपतं, १ जुलैला अध्यक्ष नवा, आठवणीही कोऱ्या.

प्रतापनगर

नरेंद्रनगरवाल्या भाऊंना: आमच्याकडेही हेच झालं होतं. आता पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे आधी बाजूला काढतो, फीत मग. त्यामुळे वर्षाला चारच्या जागी एकच शाळा होते आणि बक्षिसांच्या यादीत आम्ही कुठेच नसतो.

इंदोरा

आमच्याकडे पिनही नाही आणि अध्यक्षही धड नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा दिली, तेव्हापासूनची ही गर्दी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर महाराष्ट्रभरातून, बाहेरूनही लोक येतात, आणि आमचं वस्तीचं मंडळ जेवण देते. वर्गणी ज्याची जशी. माझं काम बारा वर्षांपासून एकच, बटाटे. रात्री अकराला सोलायला बसतो, पहाटे बोटं काळी होऊन राहतात. एकदा हरवलेल्या माणसांच्या टेबलावर बसवलं होतं, तिथं एक गोष्ट शिकलो. म्हाताऱ्या माणसाला फोन नंबर विचारू नका, तो घाबरते. कोणत्या गावची गाडी, सोबत कोण होतं, हे विचारा. मग सगळं सांगते.

धरमपेठ

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. क्लबात माझा दुसराच महिना. पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली. सकाळी ग्रुपवर जो तो लिहून राहिला, बिस्किटं पाठवतो. दुपारी अंबाझरी लेआउटमधल्या एका बिल्डिंगच्या जिन्यात खोक्यांमुळे वर जायला जागा नव्हती आणि खाली घरांत घोट्याच्या वर गाळ. एक काका म्हणाले, "बिस्किट ठेवा भाऊ, फावडं आहे का?" आमच्यात एक हार्डवेअरवाले आहेत, त्यांनी दुकान उघडून फावडी, घमेली, खराटे, वायपर, फिनाईल, सगळं टेम्पोत भरलं. त्या दिवशीचा खरा प्रकल्प तोच.

आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्या जेवल्या होत्या. एका घरात पुरणाचं पातेलं चिखलात तरंगून कोपऱ्यात जाऊन बसलेलं. गादी उचलायला चौघं लागलो तरी हलेना, कापूस किती पाणी पितो ते तेव्हा कळलं. काकूंनी आम्हाला सगळ्याला हात लावू दिला, फक्त एका गाठोड्याला नाही. पाणी चढताना त्यांनी आधी दोन्ही मुखवटे साडीत गुंडाळून माळ्यावर टाकले होते, दागिने कपाटातच राहिले. चार दिवस गाळ उपसला. पाचव्या दिवशी पाठ धरली, ती अजून अधूनमधून धरते.

महाल

पोलिओवाला मी. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं तेव्हा रोटरीकडून बूथवर बसायचो, नंतर घरोघरी. डोस दिला की डाव्या करंगळीला शाई. घरातली सगळी पोरं झाली की दारावर खडूनं "पी", कोणी राहिलं की फुली. फुलीची घरं माझी. एका घरी पाच वेळा गेलो. पाचव्यांदा आजोबांनी चहा पाजला, राजकारण झालं, नातू मात्र आतच. सहाव्यांदा माझी बायको गेली, पाच मिनिटांत काम करून आली. काय बोलली ते मला अजून सांगितलं नाही.

देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, क्लबात पेढे वाटले. तो नातू आता बुलेट फिरवते. रस्त्यात दिसते, मला ओळखत नाही.

मिहान

वाचतोय. मी सव्वीसचा, शनिवार-रविवार सुट्टी, नागपुरात नवा. आत कसं शिरायचं? ओळख कोणाचीच नाही.

धागा काढणारी

एखाद्या सदस्याबरोबर दोन-तीन बैठकींना पाहुणा म्हणून जाऊन बस, जेवणाचे पैसे कोण देणार ते आधी विचारून घे. आणि सेक्रेटरींना विचार, मागच्या वर्षीच्या प्रकल्पाचं आता काय चाललंय? त्यावर ते किती वेळ खोकतात ते बघ.

मानेवाड्याच्या ताई, गाठींच्या फोनला माणूस हवं आहे का? हा शनिवारी मोकळा आहे.

मानेवाडा

पाठवा. बत्तीस नंबर आहेत. म्हणावं, संध्याकाळी सातनंतर लाव, फोन नातवांकडे असतात आणि नातू तेव्हाच घरी येतात.