साथीत आजार लपवणारा गुन्हेगार, की घाबरलेला माणूस?

कोरांटी:
साथ आली की 'लपवणाऱ्यांना आत टाका' हा सूर लागतोच. मला तो पटत नाही. मे २०२० मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या इतेवॉन भागातल्या नाइट क्लबांमधून कोविड पसरला. त्यातले काही क्लब समलिंगी लोकांचे आहेत, हे बातम्यांत आलं आणि बऱ्याच जणांचे फोन लागेनासे झाले. चाचणीला गेलं की घरी कळणार, नोकरीवर कळणार! मग शहर प्रशासनाने नाव न विचारता नुसत्या फोन नंबरवर चाचणी सुरू केली, तेव्हा लोक पुढे आले. माणसं तीच होती.

तिरकीट:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच साथीत सोलजवळच्या इंचॉन शहरातल्या एका शिकवणीच्या शिक्षकाने चौकशीत आपली नोकरीच लपवली. लागण त्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत आणि तिथून पुढे गेली. कोर्टाने सहा महिने तुरुंगवास दिला, योग्यच केलं. त्याची भीती समजते हो, पण ती दुसऱ्यांच्या पोरांनी का भोगायची?

कोरांटी:
लागण मे महिन्यात, शिक्षा ऑक्टोबरमध्ये. तिने कुठली साखळी तुटली? आणि बघणाऱ्याने धडा काय घेतला असेल? जो चाचणीलाच जात नाही, त्याच्यावर खोटं बोलायची वेळच येत नाही.

तिरकीट:
असं म्हटलं तर कुठलाच कायदा नको.

दुपारपाळी:
संपर्काच्या याद्या घ्यायचं काम मी केलंय. 'कुणाकुणाला भेटलात?' विचारलं की लोक स्वतःपेक्षा दुसऱ्यासाठी जास्त गप्प बसतात. आपण नाव घेतलं की त्याच्या दारात कर्मचारी उभे राहणार, त्याचाही बोभाटा होणार. चुगली केल्यासारखं वाटतं त्यांना. दंडाची भाषा काढली की यादी आखडते आणि घरची तेवढी माणसं उरतात. आणि आमचंही बघा ना. 'नाव गुप्त ठेवू' म्हणायचं आणि किट घालून भरदिवसा गाडीतून उतरायचं! पण कोरांटी, निनावी चाचणीचं फार कौतुक नको. फोन बंद केला की तो माणूस आमच्या हातून गेलाच.

खडूस:
जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं होतं की नव्या रोगांना गावाची, लोकांची, प्राण्यांची नावं देऊ नका. २०२२ मध्ये मंकीपॉक्सचं एमपॉक्स केलं. बारसं झालं, पण शेजारी दार उघडतो का?

कोरांटी:
लगेच नाही उघडणार. पण निदान मथळ्यातून कुणाकडे बोट तरी जात नाही.

तिरकीट:
बरं, एक सांगा. नाव गुप्त ठेवलं, विलगीकरणातला पगार दिला, नोकरी जाणार नाही याची लेखी हमी दिली. तरीही खोटं बोलला, तर शिक्षा मान्य?

कोरांटी:
मान्य. पण याच क्रमाने. दंडाचा आदेश पहिल्या आठवड्यात निघतो, पगाराचा मागाहून, तोही निघाला तर.

दुपारपाळी:
आणि तो दंडाचा आदेश वाचून दाखवायला आम्हालाच पाठवतात. त्यानंतर कोण सांगणार आम्हाला काही?