कोहिबाच्या बॉक्सचा कोड खरा, मग आतल्या सिगारी खोट्या कशा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी वेंगुर्ल्याचा. बाबा जहाजावर होते, रिटायर होऊन 15 वर्षं झाली. वर्षातून एकदाच, वाढदिवसाला, ओटीवर बसून एक सिगार ओढतात. आई तेवढा वेळ खिडकी लावून आत बसते. यंदा पंचाहत्तरी आहे, म्हणून म्हटलं जरा भारीतली देऊ.

गोव्यात किनाऱ्याजवळच्या एका दुकानात कोहिबा रोबुस्तोचा (कोहिबा हा क्यूबाचा सिगारीचा ब्रँड, रोबुस्तो हा तिचा आकार) 25 चा बॉक्स मिळाला. 22 हजार. "बोटीवरचा माणूस आणतो, म्हणून स्वस्त," असं दुकानदार म्हणाला. (हसू नका.)

घरी येऊन तपासलं. खाली लाकडावर 'हेचो एन कूबा', 'तोतालमेंते आ मानो' (क्यूबात बनवलेलं, पूर्णपणे हाताने) डागलेलं आहे. फॅक्टरीचा कोड आहे, महिना 'आगो', म्हणजे स्पॅनिशमधला ऑगस्ट. सीलवर होलोग्राम आणि बारकोड आहे. बारकोडचा नंबर हाबानोसच्या (क्यूबाच्या सिगारी विकणारी कंपनी) साइटवर टाकला तर बॉक्स अस्सल निघाला. मी खूश.

मग झाकण उघडलं. सिगारीवरच्या कागदी रिंगा वरखाली: एकीवर 'कोहिबा' समोर, शेजारचीवर मागे वळलेलं. रिंगेवरचे पांढरे चौकोन दोन-तीन ठिकाणी कडेला अर्धे कापलेले. रंगही एकसारखा नाही, काही चहासारख्या तर काही काळपट. शेवटी शिवणाची टेप काढली. रोबुस्तो 124 मिमी हवी, मी मोजलेल्या पाचपैकी दोन 118 भरल्या.

आता कोणावर विश्वास ठेवू, साइटवर की टेपवर? आणि अजून एक: इकडे पावसात पापडसुद्धा सादळतात, मग सिगार ठेवायची कुठे?

प्रतिसाद (देवगडहून)

टेपवर. आमच्याकडे सीझनला काय होतं ते आठवा. 'देवगड हापूस' छापलेली पेटी, आत पेंढा, त्यात कर्नाटकचा आंबा. पेटी खोटी नसते हो, पेटी आमचीच असते. रिकामी झालेली कोणीतरी विकत घेऊन परत भरतो. साइट बॉक्सचा नंबर ओळखते, आत काय भरलंय ते तिला कुठून कळणार? सीलच्या कडा भिंगाखाली बघा, काढून परत चिकटवलं असेल तर गोंदाचा थर दिसेल.

एक कापून बघा. अस्सल असेल तर आत टोकापासून टोकापर्यंत गेलेली लांब पानं दिसतील. चुरा पडला तर विषय संपला. आणि बॉक्सवर आपल्याकडचं तंबाखूच्या धोक्याचं चित्राचं इशारापत्र होतं का? रीतसर आयात केलेल्या मालावर ते लागतंच, पुढच्या-मागच्या बाजूच्या 85 टक्के भागावर. नसेल तर माल खरा असो की खोटा, चोरवाटेनेच आलाय. भावाचं तर सोडाच: 2022 मध्ये कोहिबाच्या किमती जगभर चढवल्या, 25 चा अस्सल बॉक्स 22 हजारात कुठेच मिळत नाही.

ठेवायचं म्हणाल तर 65 ते 70 टक्के दमटपणा लागतो. पावसाळ्यात आपल्या हवेत त्याहून जास्तच असतो, त्यामुळे ओलावा द्यायचा नाही, आवरायचा. घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि त्यात दमटपणा 65 टक्क्यांवर राखणारं, म्हणजे जास्त ओलावा शोषणारं आणि कमी पडला तर देणारं पाकीट टाका. फ्रिजमध्ये ठेवू नका, मासळीचा वास धरतात.

प्रतिसाद (मालवणहून)

बाबानू, बोटीवरचो माणूस प्रत्येकाच्या गावात असता. तो कधी कोणाक दिसूक नाय. 🙂

दुबईत कोणी नातेवाईक असेल तर त्याला 'ला कासा देल हाबानो'मधून आणायला सांगा, ती हाबानोसची अधिकृत दुकानं. येताना ड्युटी न भरता जास्तीत जास्त 25 सिगारी चालतात, त्याही सामानाच्या किमतीच्या मर्यादेत बसल्या तरच. आणि बिल जपून ठेवायला सांगा.

धागाकर्ता

कापली. वर्तमानपत्रावर भुकटीच पडली, मध्ये एक देठाचा तुकडा. बाबा मागे येऊन उभे राहिलेत हे कळलंच नाही. चिमूटभर उचलून त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, "क्यूबा नाही रे, निपाणी." आणि राहिलेल्या चोवीस बघून आईला हाक मारली, "खिडकी उघड गो, यंदा ओढत नाही."

मेव्हणा दुबईत आहे, दिवाळीला येतोय. वाढदिवस हुकेल, पण बाबा म्हणतात पंचाहत्तरी वर्षभर असते.