शपथ नको, डबा उघडा

आठवी-नववीच्या मुलांना शाकाहाराची शपथ द्यावी, असं एका सरांनी सुचवलंय. शपथेचं काही खरं नाही हो. माळकऱ्याच्या पोराशेजारी मटण खाणाऱ्या घरचंही पोर बसलेलं असतं. हात वर करायला लावले की ते मान खाली घालतं अन् उद्यापासून डबा लपवतं. (त्याच्याही घरी मटण कधीमधी, एरवी पिठलं-भाकरीच.)

त्यापेक्षा डब्यातलंच शिकवा. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यातलं लायसिन ज्वारीत कमी, ते तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, ती कसर ज्वारी भरून काढते. म्हणजे वरणात भाकरी कुस्करणारी आजी प्रथिनांचा हिशेब बरोबर जमवत होती. अंबाडीची भाजी घ्या. पाला उकडून पिळायचा, तुरीची डाळ अन् ज्वारीच्या कण्या घालून घोटायचा, वरून लसणाची चरचरीत फोडणी. असं काही समोर ठेवलं तर शाकाहार म्हणजे उपासतापास नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही. सोबत एवढं सांगा: पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला जेवताना लिंबू पिळावं, अन् जेवणावर लगेच चहा ढोसू नये.

एक मात्र झाकून ठेवू नका. बी-१२ हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत मिळत नाही. दूध-दही रोज पोटात जात असेल तर बरं. तेही सोडणाऱ्यानं डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. शाकाहाराचं कौतुक करणारे नेमकं हेच गाळतात.

पोषण आहारातल्या अंड्याचा वाद यात आणू नका. २०२३ ला शासनानं आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं असं ठरवलं अन् २०२५ ला त्याचे पैसे थांबवले. तो मुद्दा निराळा.