शब्दचर्चा : 'ट्रिगर ग्रुप'ला नुसतं 'चाप' म्हणून भागेल का?

उंबरठा : अमेरिकेत एआर-१५ जातीची रायफल सुटे भाग आणून घरी जुळवणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यावरच्या एका लेखाचा अनुवाद सध्या हातात आहे. 'ट्रिगर' दिसला की डोळे मिटून 'चाप' लिहीत आले. पण लेखातला गृहस्थ 'ट्रिगर ग्रुप' कोणता निवडावा यावर दोन पानं खर्च करतो आणि 'लोअर पार्ट्स किट' ट्रिगरसकट घ्यावं की ट्रिगरविना, यावर आणखी एक. 'चापगट' आणि 'खालच्या भागांचा संच' असं लिहून पाहिलं. माझं मलाच हसू आलं. घोडा, खटका, कळ हेही शब्द कानावर आहेत. नेमकं कशाला काय म्हणायचं?

चिवचिव : ट्रिगर म्हणजे चाप. कुठलाही कोश उघडा. विषय संपला.

रानवाट : इतक्यात कसा संपेल! आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. त्यांच्यावर यातला एकेक शब्द बोट ठेवून दाखवता येतो. नळीत दारू आणि छर्रे गजाने ठासायचे, मागे केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) बसवायची, मग अंगठ्याने घोडा चढवायचा. खाली बोट जातं तो चाप. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो आणि बार होतो. म्हणजे घोडा हा हॅमर आणि चाप हा ट्रिगर. हिंदीत 'घोड़ा दबाना' सर्रास चालतं, ते पाहून आपल्याकडेही 'घोडा दाबला' छापून येतं. आमच्याकडे असं बोललात तर म्हातारे म्हणतील, "दाबतोस काय, आधी चढव तरी!" मुंबईच्या टोळीवाल्यांच्या बोलीत तर घोडा म्हणजे अख्खं पिस्तूलच.

उंबरठा : पण एआर-१५ च्या फोटोत असा चढवायचा घोडा कुठे दिसत नाही.

पानसुपारी : घोडा आहे, पण आत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. या रायफलीच्या पोटात चाप, घोडा आणि तिसरा एक तुकडा एकमेकांत अडकून बसलेले असतात. तिसऱ्याचं नाव डिस्कनेक्टर. गोळी सुटली तरी बोट अजून चापावर दाबलेलंच असतं, तेवढ्यात मागे ढकलल्या गेलेल्या घोड्याला हा डिस्कनेक्टर धरून ठेवतो. बोट सैल केलं की तो घोडा पुन्हा चापाच्या हवाली होतो. म्हणून एका ओढीला एकच गोळी. हे तिघे, त्यांच्या कमानी (घड्याळाची असते ती कमान, 'स्प्रिंग'ला हा छान शब्द आपण उगाच टाकून दिला) आणि त्यांना धरणाऱ्या पिना मिळून ट्रिगर ग्रुप होतो. त्यातला चाप हा एकच तुकडा. तेव्हा अख्ख्या ग्रुपला 'चाप' लिहिलंत की 'घोडा चापाच्या तावडीतून सुटतो' हे वाक्य तुम्हाला पुढे लिहिताच येणार नाही.

सगळ्याला मिळून एक शब्द हवा तर 'कळ' जवळचा आहे. कळसूत्री बाहुलीतली कळ तीच, आतली यंत्रणा. पण 'कळ दाबली' म्हटलं की आजच्या वाचकाला दिवा लागलेला दिसतो, आणि 'कळ आली' म्हटलं की पोटात दुखतं. मी पहिल्यांदा 'चापाची यंत्रणा, म्हणजे ट्रिगर ग्रुप' असं लिहीन आणि पुढे बिनधास्त 'ट्रिगर ग्रुप'.

'खटका' मात्र वाया घालवू नका. 'खटक्यावर बोट' लोक म्हणतात, पण मुळात खटका म्हणजे कट्ट आवाज करून अडकणारं किंवा सुटणारं काहीही : दाराचा, पेटीचा. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) जागेवर धरून ठेवणाऱ्या कॅचला 'मॅगझिनचा खटका' किती चपखल बसतं बघा.

माजी फौजी : आमच्याकडे हे सगळं हिंदी-इंग्रजी खिचडीत. बॉडी, बट, कॉकिंग हँडल. अमेरिकन ज्याला सिलेक्टर म्हणतात, म्हणजे गोळी कशी झाडायची ते ठरवणारा दांडा, तो आपला चेंज लिव्हर. शस्त्राच्या पहिल्या धड्याचं नाव 'खोलना-जोडना'. तुमच्या लेखातल्या 'बिल्ड'ला 'बांधणे' लिहू नका, बंदूक जोडतात किंवा जुळवतात. आणि एनसीसीत 'शिस्त लेना' ऐकून नवी पोरं ताठ उभी राहायची. तिथे शिस्त म्हणजे नेम.

उंबरठा : जुळवणे घेतलं. आता ते 'लोअर'?

चिवचिव : लोअर म्हणजे आमच्याकडे रात्री घालायची पँट.

पानसुपारी : 😀 म्हणूनच 'खालचा भाग' लिहू नका. एआर-१५ चा सांगाडा दोन तुकड्यांत असतो, अप्पर आणि लोअर. अमेरिकेच्या संघीय कायद्याच्या नजरेत या रायफलीची 'बंदूक' म्हणजे तो लोअरच. क्रमांक त्याच्यावर, नोंद त्याची. बाकीचे बहुतेक भाग कुणीही मागवतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्रे' या व्याख्येत त्यांचे सुटे भागही येतात आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे. असली खरेदीच इथे होत नाही, मग तिचे मराठी शब्द कुठून येणार?

आणखी एक गंमत. 'लोअर पार्ट्स किट'मध्ये लोअर नसतोच! लोअरमध्ये बसवायचे बारीकसारीक भाग असतात : मॅगझिनचा खटका, बोल्ट (गोळी नळीत लोटणारा सरकता तुकडा) अडवणारा खटका, सेफ्टी, अप्पर-लोअर जोडणाऱ्या दोन पिना, मूठ, आणि बहुधा साधा ट्रिगर ग्रुप. तेव्हा 'लोअरच्या सुट्या भागांचा संच'. एवढ्या एका 'च्या'वर अर्थ टिकून आहे.

दहा मीटर : मी एअर पिस्तूलवाली, म्हणून 'पुल वेट'बद्दल, म्हणजे चाप ओढायला लागणाऱ्या जोराबद्दल. 'चापाचं वजन' लिहिलंत तर वाचकाला तो तुकडाच वजनदार वाटेल. आम्ही म्हणतो चाप हलका, जड, कडक. स्पर्धेआधी चापाला ठरलेलं वजन टांगून पिस्तूल वर उचलतात, आणि चाप न सुटता ते वजन उचलावं लागतं. म्हणून रेंजवर '५०० ग्रॅम उचलतो' असं बोलतात. एअर पिस्तूलला किमान ५०० ग्रॅम लागतात, राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तूलला १००० ग्रॅम. १० मीटर एअर रायफलला खालची मर्यादाच नाही.

आता तुमच्या गृहस्थाची दोन पानं कशासाठी ते कळेल. संचातला साधा, लष्करी मापाचा चाप साडेपाच ते साडेनऊ पौंडांचा, म्हणजे साधारण अडीच ते सव्वाचार किलो. नेम धरलाय आणि एवढा जोर लावताना नळी हलली की गेला शॉट. म्हणून कागदावर नेम मारणारे संच ट्रिगरविना घेतात आणि हलका, दोन टप्प्यांचा ट्रिगर ग्रुप वेगळा आणतात. पहिल्या टप्प्यात चाप अलगद मागे येतो, मग एक भिंत लागते, तिथून पुढे थोडाच जोर. 'टू स्टेज'ला दोन टप्प्यांचा म्हणा, द्विस्तरीय नको. थर केकला असतात.

उंबरठा : 'क्रीप' आणि 'ब्रेक' राहिले. तो लिहितो, चांगला ट्रिगर काचेच्या कांडीसारखा तुटतो.

दहा मीटर : चाप तुटला तर दुकानात परत न्यावा लागेल! मराठीत चाप सुटतो. क्रीप असेल तर रखडत सुटतो, नसेल तर कट्कन सुटतो. काच काढून टाका.

रानवाट : आमच्याकडेही सुटतोच. कधीकधी केप ओली असते, चाप सुटतो आणि बार काही होत नाही. डुकराला तेवढाच वेळ पुरतो.