मदत हवी आहे: सलाइनची वाफ चालू असूनही कफ सुटत नाही

नमस्कार. टीबी बरा झाल्यावर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या सैल आणि रुंद होणे) राहिलेला प्रौढ रुग्ण आहे. कफ पिवळट आणि इतका चिवट, की वाटी तिरकी केली तरी ओघळत नाही. ३ टक्के सलाइन, ४ मिली, दिवसातून दोनदा नेब्युलायझरने चालू. घरी आधी कफ काढण्याचा छातीचा व्यायाम, मग सलाइन आणि शेवटी साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध) असा क्रम आहे. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (घट्ट कफाचा आनुवंशिक आजार) देतात ते डॉर्नेज अल्फा हे कफ पातळ करणारे औषध इथे चालेल का?

प्रतिसाद १
डॉर्नेज नको. मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए तोडणे हे त्याचे काम, आणि सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ते उपयोगी पडते. पण तो आजार नसलेल्या ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार उलट जास्त वेळा बळावला आणि एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा) जास्त घसरला.

आधी क्रम बदला. साल्ब्युटामॉल, मग १०-१५ मिनिटांनी सलाइन, लगेच व्यायाम. श्वासावाटे घ्यायचे अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यांत शेवटी, नाहीतर औषध कफावरच बसते.

निरोगी श्लेष्मात (श्वासनळीतल्या चिकट स्रावात) सुमारे ९८ टक्के पाणी असते. पाणी थोडे कमी झाले तरी घट्टपणा कितीतरी पटींनी वाढतो, कारण म्युसिन या त्यातल्या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींत जास्त गुंततात. असा श्लेष्मा खालच्या सुमारे ७ मायक्रॉनच्या थरातले पाणीही ओढून घेतो. त्या थरातच पेशींवरचे सूक्ष्म केस हलत असतात. ते दबले की कफ नळीच्या भिंतीलाच चिकटतो. सलाइनमधले मीठ पेशींतून पाणी खेचून हा थर पुन्हा भरते, पण थोडाच वेळ. कफ काढायचा तो तेवढ्यातच. व्यायाम आधी उरकला तर ही संधी वाया जाते.

प्रश्नकर्ता
क्रम आजच बदलायला सांगतो. ७ टक्के सलाइन कधी?

प्रतिसाद २
नव्या क्रमाने काही आठवडे जाऊ द्या. ७ टक्क्यांचा पहिला डोस डॉक्टरांसमोरच, आधी आणि नंतर स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची चाचणी) करून. छाती आवळली किंवा एफईव्ही१ बराच उतरला तर थांबवायचे. थुंकीत रक्त दिसले तर सलाइन आणि व्यायाम दोन्ही बंद करून आधी डॉक्टरांना गाठा.

जोरजोरात खोकायला लावू नका, सैल झालेल्या नळ्या त्याने मिटतात. डाव्या कुशीवर झोपवून हफिंग करून घ्या: मध्यम श्वास आत, तोंड उघडे, काचेवर वाफ सोडावी तसा 'हाऽऽ' करत लांब उच्छ्वास. खोलवरचा कफ वर आला की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ. वेगवान हवेच्या घर्षणाने कफ तात्पुरता पातळ होतो आणि सुटतो.

त्रास अलीकडे वाढला असेल तर थुंकीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) कराच. टीबी होऊन गेलेल्यांत सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) मेलेल्या जंतूंमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून मायकोबॅक्टेरियाचे (टीबीच्या जंतूंच्या कुळाचे) कल्चरही सोबत मागवा.