मुंबई-पुण्याच्या रेसिंगवर मराठी पेज सुरू करतोय: पॅडॉक, फोटो, क्लिप आणि टिपवाल्यांबद्दल माहिती हवी

नवा_पेजवाला विचारतो:

महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसिंगवर मराठीतून इन्स्टाग्राम पेज आणि जोडीला छोटं यूट्यूब चॅनल सुरू करायचंय. टिपा (कोणता घोडा जिंकेल याचे अंदाज) द्यायच्या नाहीत. घोडे, सईस (घोड्याची देखभाल करणारे), जॉकी, ट्रेनर, डर्बीसारख्या मोठ्या शर्यती एवढंच. रेसकोर्स म्हणजे फक्त जुगार असं समजणाऱ्यांना पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागी) काय बघायचं हे दाखवायचंय. सामान म्हणजे मिररलेस कॅमेरा, ७०-२००ची लेन्स आणि फोन.

पॅडॉक आणि रेलिंगपाशी फोटो काढताना काय पाळायचं? घोड्याच्या किती जवळ जाता येतं? सकाळच्या कामाचे (ट्रॅकवरच्या सरावाचे) व्हिडिओ टाकलेले चालतात का? रेस क्लबच्या प्रक्षेपणातले तुकडे वापरले तर? आणि पेज जरा वाढलं की टिपवाले चिकटतात म्हणतात, त्यांचं काय करायचं?

रेलिंगपाशी:

आधी परवानगी. फोनवर फोटो काढणारा प्रेक्षक आणि मोठी लेन्स घेऊन आलेला माणूस यांच्याकडे गेटवर एकाच नजरेने बघितलं जात नाही. निदान आठवडाभर आधी क्लबला ईमेल करा. पेजची लिंक, येण्याच्या तारखा, कॅमेरा-लेन्स, कोणत्या एन्क्लोजरमध्ये थांबणार आणि फोटो विकणार की नाही, हे सगळं त्यात स्पष्ट लिहा. उत्तर आलं की छापील प्रत खिशात ठेवा. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक घरी ठेवा. ड्रोनचा तर विचारही नको. मुंबईत पोलिसांच्या परवानगीशिवाय तो उडवता येत नाही आणि डोक्यावरच्या घरघरीने घोडे उधळतात ते वेगळंच.

पॅडॉकमध्ये फ्लॅश बंद, हे सगळेच सांगतील. पण फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा नारिंगी दिवाही मेनूत जाऊन बंद करा, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोनचा फ्लॅश ‘ऑटो’वर असला तर पावसाळी पुण्यात तो हमखास पेटतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे नाकासमोरचा थोडा पट्टा आणि शेपटीमागची जागा सोडली तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. म्हणूनच कडेने झटकन वर गेलेला हात, उघडलेली छत्री, फडफडणारी प्लास्टिकची पिशवी यांनी तो बिचकतो. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर उसळलं की पहिला फटका लगाम धरलेल्या सईसला बसतो. शिवाय जो घोडा शर्यतीआधीच घामाने निथळला, त्याची बरीच ताकद पॅडॉकमध्येच संपू शकते. एका फोटोपायी मालकाची आणि ट्रेनरची कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

आता सेटिंग. पॅडॉकमध्ये घोडे चालत असतात, तिथे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर आणि १/५०० पुरतं. रेलिंगवर मात्र मेकॅनिकल शटरच वापरा. साध्या सेन्सरवर इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतं, त्यामुळे ताशी साठ किलोमीटरच्या घोड्याचे पाय वाकडे आणि विनिंग पोस्टचा (शर्यत संपते तिथला) खांब तिरका येतो. उजेड चांगला असेल तर १/१६०० ते १/२०००, अ‍ॅपर्चर ४, आयएसओ ऑटो. गडद बे (तपकिरी) घोड्याला एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढवावंसं वाटेल, पण जॉकीचे सिल्क्स (शर्यतीचे रंगीत कपडे) पांढरे असतील तर ते जळतात. अशा वेळी रॉ फाइल घ्या आणि सावल्या नंतर उचला. पुढचे पाय लांब झेपावलेले आहेत ती फ्रेम ठेवायची. चारही पाय पोटाखाली गोळा झालेल्या फ्रेममध्ये उत्तम घोडाही बुटका दिसतो.

विनिंग पोस्टच्या अगदी समोर गर्दी करू नका. पोस्टच्या पुढे चाळीस-पन्नास मीटरवर थांबलात तर जॉकी रिकिबीत उभा राहतो, मागे वळून बघतो, घोड्याची मान थोपटतो. पेजला हवा असलेला चेहरा तिथे मिळतो. फोनवाल्यांनी डिजिटल झूम न करता टेलिफोटो लेन्स निवडावी, फोकस आणि एक्स्पोजर आधीच लॉक करावं आणि फोर-के साठ फ्रेम्सवर व्हिडिओ घेऊन त्यातून चित्र काढावं.

कॅप्शनमध्ये नव्या पेजची सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घोडा क्रमांक आणि ड्रॉ यांची गल्लत. खोगिराखालच्या कापडावर असतो तो रेसकार्डातला क्रमांक. ड्रॉ म्हणजे स्टार्टिंग गेटमधली जागा, ती वेगळी. सिल्क्सचे रंग मालकाचे असतात. एकाच मालकाचे दोन घोडे धावत असतील तर टोपी बघा, आणि टोपी नीट दिसत नसेल तर निकाल लागेपर्यंत नाव टाकू नका.

तबेल्याचा_डॉक्टर:

‘किती जवळ’ याचं उत्तर सोपं आहे: सईसने स्वतःहून बोलावलं तरच, आणि तेही शर्यतीच्या दिवशी नाही. जायचं तर डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, घोड्याला दिसेल असं जा. हात आधी मानेवर ठेवा, थेट तोंडापाशी नेऊ नका.

खायला काहीही द्यायचं नाही. यामागे नुसती शिस्त नाही, डोपिंगची तपासणी आहे. शर्यतीनंतर घोड्यांच्या मूत्राचे आणि रक्ताचे नमुने घेतले जातात. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन असतं, चहा-कोल्ड्रिंकमध्ये कॅफिन. खसखशीतून मॉर्फिनचा अंश जातो. म्हणजे दिवाळीतला एक अनारसा प्रेमाने भरवला तरी नमुना पॉझिटिव्ह येऊ शकतो. मग घोडा बाद, बक्षीस परत आणि चौकशी ट्रेनरची, कारण घोड्याच्या पोटात काय गेलं याचा जबाब त्यालाच द्यावा लागतो. गुडघ्याला किंवा पाठीला दुखण्याचं मलम चोळून आला असाल तर त्याच हाताने घोड्याच्या ओठांना शिवू नका. डायक्लोफिनॅकसारखं औषध हातावरून घोड्याच्या तोंडात जाणं ही खरीखुरी अडचण आहे. ‘घोड्याला केळं भरवा’ छापाचे रील दिसायला गोड असतात. तसलं काही तुमच्या पेजवर नको.

आणखी एक. शर्यतीत घोडा किंवा जॉकी पडला तर ते चित्रीकरण टाकू नका, थेट तर अजिबात नाही. डॉक्टर पोचायच्या आत जॉकीच्या घरच्यांच्या फोनवर ते गेलेलं असतं. ट्रॅकवर पडदा धरला म्हणजे घोडा मेलाच, असंही लिहू नका. तपासताना आणि गाडीत चढवतानाही पडदा धरतात. क्लबचं किंवा ट्रेनरचं निवेदन येईपर्यंत थांबायचं.

नवा_पेजवाला:

अनारशाचं कधीच डोक्यात आलं नसतं, धन्यवाद. सकाळच्या कामाचं आणि क्लिपचं कुणी सांगेल का?

जुनं_रेसकार्ड:

सकाळचं काम ही काही लपवाछपवीची गोष्ट नाही. वर्तमानपत्रांचे लोक घड्याळ लावून बसतात आणि ते छापूनही येतं. मराठीत हे नीट समजावून देणारं फारसं कुणी नाही, तुमच्या पेजने तेच करावं. ‘१०००: १/७, ६००/४०’ अशी ओळ असली तर घोड्याने हजार मीटर १ मिनिट ७ सेकंदांत केले आणि त्यातले शेवटचे सहाशे ४० सेकंदांत. पुढे ‘ईझी’ असेल तर जॉकीने हाकललेला नाही, ‘पुश्ड’ असेल तर हाकललाय. त्यामुळे ४० ईझी हे ३९ पुश्डपेक्षा बरं असू शकतं. काम इनर सँडवर (आतल्या वाळूच्या ट्रॅकवर) झालं की आउटर सँडवर (बाहेरच्या) हेही बघायचं, दोन्हींच्या वेळा एका मापाने मोजत नाहीत. घोड्यावर कोण होतं हेही महत्त्वाचं. पन्नास किलोच्या जॉकीची वेळ आणि सत्तर किलोच्या रायडिंग बॉयची (सरावात घोडा पळवणाऱ्याची) वेळ शेजारी शेजारी मांडून तुलना करू नका.

महालक्ष्मीला सकाळी लोक चालायला-पळायला येतात, तिथून घोडे दिसतात. ट्रॅक ओलांडायचा तर ठरलेल्या जागीच, कानातले हेडफोन काढून, दोन्हीकडे बघून. सकाळी घोड्यांवर शर्यतीचे क्रमांक आणि मालकाचे रंग नसतात, म्हणून ओळख पटली नसेल तर नाव न घालता व्हिडिओ टाका. चुकीच्या नावाखाली लंगडणारा घोडा दाखवलात तर एखाद्या मालकाची झोप उडेल.

पण उघड्या ट्रॅकवरचं आणि तबेल्यातलं, यात फरक करा. पायाला बांधलेली पट्टी, टाकलेला चारा, बोलावलेला डॉक्टर, ट्रेनर फोनवर काय म्हणाला, ही आतली माहिती आहे. ती एका पेजवर आली की पैसे लावणाऱ्या थोड्याच लोकांना फायदा होतो आणि सईसची नोकरी जाते. ज्या सईसने विश्वासाने आत घेतलं त्याला अडचणीत टाकणारं पेज पुन्हा कुणी आत येऊ देत नाही. त्याचा चेहरा दाखवायचा तर विचारून, आणि फोटोची प्रत त्याला पाठवून.

जॉकींना टिपा मागणारे मेसेज करू नका, गमतीतही नाही. जॉकीला पैसे लावायची बंदी असते आणि मोबदल्यासाठी माहिती देणं हा गुन्हा आहे. तुमच्या ‘आज कोण?’ला त्याने नुसता हसरा इमोजी पाठवला तरी त्या स्क्रीनशॉटवरून स्टुअर्ड्ससमोर (शर्यतीचे नियम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर) खुलासा द्यायची वेळ त्याच्यावर येते. मुलाखत हवी तर शर्यत नसलेल्या दिवशी, ट्रेनरच्या कानावर घालून.

क्लिपचं: प्रक्षेपणावर प्रसारकाचा हक्क असतो. ‘फक्त दहा सेकंद’ किंवा ‘क्रेडिट दिलंय’ याने सूट मिळत नाही. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आल्या की चॅनल जातं. क्लबच्या व्हिडिओची लिंक द्या आणि आपल्या फोटोंवर आपला आवाज लावा. शर्यतीचं थेट प्रक्षेपण स्वतःच्या फोनवरून करू नका. अधिकृत चित्र काही सेकंद उशिरा पोचतं आणि त्या सेकंदांवर बाहेरचे बेकायदा बुकी कमावतात.

आता टिपवाले. टेलिग्रामवरच्या ‘फिक्स’ चॅनलची युक्ती अगदी साधी असते. १००० लोकांचे पाच गट करायचे, प्रत्येक गटाला वेगळा घोडा सांगायचा. समजा त्या पाचांतला एक जिंकला, तर २०० लोक खूश. त्यांचे पुन्हा पाच गट, उरले ४०. पुन्हा एकदा, उरले ८. या ८ जणांनी सलग तीन विजेते डोळ्यांनी पाहिलेले असतात, ते चौथ्या घोड्यासाठी यूपीआयवर हवे तेवढे पैसे पाठवतात. बाकीच्या ९९२ जणांना ब्लॉक केलेलं असतं. दुसरी पद्धत शर्यतीनंतर जुना मेसेज एडिट करायची. मेसेजखाली ‘एडिटेड’ दिसतंय का ते बघा, आणि स्क्रीनशॉट हा पुरावा धरूच नका. असले लोक तुम्हाला ‘प्रत्येक सभासदामागे कमिशन’ देऊ करतील. साफ नाही म्हणा. कमेंटमध्ये ‘टेलिग्राम’, ‘फिक्स’, ‘शुअर शॉट’ हे शब्द फिल्टरला लावा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगांत.

बेटिंग अ‍ॅपची जाहिरात किंवा लिंकही घेऊ नका. माहिती व प्रसारण मंत्रालय २०२२पासून याबद्दल सूचना काढतंय, आणि २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘रेस म्हणजे जुगारच ना’ म्हणणाऱ्यांसाठी: घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ला दिलाय. पण त्या निकालाने खासगी बुकीकडे लावलेला पैसा कायदेशीर होत नाही, हेही त्याच पोस्टमध्ये लिहा.

फुचूकर_मराठी:

जपानमध्ये चाहत्यांना खूप जवळ येऊ देतात, म्हणून तिथले नियम बघण्यासारखे आहेत. टोकियो रेसकोर्सचं साधं तिकीट २०० येन. लाडक्या घोड्याच्या नावाचे कापडी फलक लोक पॅडॉकच्या कठड्याला बांधतात. मात्र फ्लॅश, सेल्फी स्टिक आणि छत्रीबद्दल कडक सूचना असतात आणि शेजारचा प्रेक्षकच तुम्हाला टोकतो. जॉकींना आदल्या रात्रीपासून वेगळ्या निवासात राहावं लागतं आणि बाहेरच्यांशी संपर्क बंद असतो. २०२३मध्ये शर्यतीच्या काळात स्मार्टफोन वापरल्याबद्दल सहा तरुण जॉकींना ३० दिवस बसवलं होतं. शर्यतीच्या दिवशी जॉकीने स्टोरी टाकावी, ही अपेक्षा चाहत्यांनी सोडायची ती याचसाठी.

दुसरी बाजूही आहे. होक्काइदोत निवृत्त घोडे बघायला फार्मवर जाता येतं. २०१९ला तिथे टायकी शटल या नावाजलेल्या घोड्याची आयाळ कुणीतरी कापून नेली आणि फार्मने भेटीच बंद केल्या. निवृत्त घोड्याच्या जागेचा नेमका पत्ता टाकण्याआधी फार्मला विचारा.

रेलिंगपाशी:

जुनं_रेसकार्ड यांच्या एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत आहे. सकाळचे व्हिडिओ चालतात हे खरं, पण त्याच मिनिटाला टाकू नका. काम संपून घोडे तबेल्यात गेल्यावर टाका. ट्रेनरला पेज खटकतं ते बहुतेक घाईमुळे. दुपारपर्यंत थांबलात तर सगळ्यांना चालतं.

जुनं_रेसकार्ड:

मान्य. कॅप्शनबद्दल एक राहिलं. भारतात शर्यतीच्या घोड्याचं वय १ जानेवारीला वाढतं, खऱ्या वाढदिवसाला नाही. डिसेंबरात महालक्ष्मीला गिनीज ही शर्यत धावणारा तीन वर्षांचा घोडा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी २४०० मीटरच्या इंडियन डर्बीत चार वर्षांचा असतो. जुन्या पोस्टवरून वय कॉपी केलंत तर पहिल्या तासात दहा जण दुरुस्ती सुचवतील. वंशावळ मात्र पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटीच्या नोंदीवरूनच घ्या, दुसऱ्या पेजवरून नाही.