आईबाबांचा ओटीपी आपणही मागू नये

नमस्कार मंडळी,
आईबाबा कोल्हापुरात राजारामपुरीत, मी डब्लिनला. बाबांचा ईमेल, ब्रॉडबँड, बँक, सगळ्याला त्यांचाच मोबाईल नंबर. मी इथून लॉगिन केलं की ओटीपी तिकडं जातो. मग फोन करून त्यांना उठवायचं, चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. माझं जुनं भारतीय सिम इथं पडून आहे. सगळीकडं तोच नंबर लावून टाकू का?
— राजारामपुरी, सध्या डब्लिन

ताई, तसं करू नका. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी ते बंद करू शकते. पुढं तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला की बाबांचे ओटीपी त्या माणसाकडं जाणार.

पण मला जास्त काळजी वाटते ती फोनवर ओटीपी विचारण्याची. फसवणाराही हेच करतो. घाईघाईत फोन करतो आणि म्हणतो, ‘आलेला नंबर वाचून दाखवा.’ आपणच सारखं तसं विचारत राहिलो तर आईबाबांना त्यात वावगं काही वाटेनासं होतं. आमच्या घरी आता नियम आहे, मुलानं मागितला तरी ओटीपी सांगायचा नाही. आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते हल्ली, त्यामुळं आवाज ओळखीचा आहे म्हणून भरवसा ठेवायचे दिवस गेले.

सुरुवात ईमेलपासून करा. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायची लिंक तिथंच येते, तेव्हा ईमेल हाती लागला की चोराला बाकीचं फार अवघड नाही. त्याला ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारं ॲप लावा. सेटिंगमध्ये क्यूआर कोड दिसतो, तो बाबांच्या फोननं स्कॅन करायचा आणि ती खिडकी बंद करायच्या आधी तुमच्याही फोननं. त्या कोडमधली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून दोन्ही फोन दर ३० सेकंदांनी तोच सहा आकडी कोड काढतात. रेंज लागत नाही, सिम लागत नाही, बाबांना उठवावं लागत नाही. फक्त फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर हवी. हे समोरासमोर बसूनच करा, क्यूआरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

बँकेचं वेगळं. तिथला ओटीपी बाबांच्याच फोनवर राहू दे आणि व्यवहारही त्यांनाच करू देत. महावितरणचं बिल तर नुसत्या ग्राहक क्रमांकावर आपण इथून भरू शकतो.

पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तरी चालतील. प्रत्येक खात्याला वेगळा ठेवा आणि वहीत लिहून कपाटात ठेवायला अजिबात हरकत नाही. परदेशात बसलेला चोर ती वही उघडू शकत नाही. ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायची सक्ती नको, असं अमेरिकेच्या ‘निस्ट’ या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलंय. वायफायला घरचा मोबाईल नंबर पासवर्ड असेल तर तोही बदला.
— मंगळवार पेठ, सध्या एडिसन

दादांनी सगळं सांगितलंय, बॅकअप कोडचं तेवढं राहिलं. गुगल एका वेळी १० कोड देतं, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. फोन हरवला तर तेच उपयोगी पडतात. ते कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आलं होतं, खालच्या कपाटाचा काही भरवसा नाही.

पैसे गेलेच तर आईबाबांनी आपल्याला फोन करायच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला करावा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. हा नंबर आईच्या फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवलाय.

गणपतीत मी कोल्हापुरात आहे. ज्यांना यंदा जाता येणार नाही त्यांनी मला वेगळी मेल करा, तुमच्या घरी जाऊन आईबाबांच्या फोनवर ॲप बसवून देते. क्यूआर मात्र त्यांच्याच फोननं स्कॅन करून घेईन.
— शाहूपुरी, सध्या मस्कत